येणं-जाणं कसं करशील?



निकाल लागले आणि नोकरीची पत्रं यायला लागली की आपल्या गटांच्या बैठकांत दरवर्षी एक प्रश्न येतो. यंदा तो गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, सालेकसा तालुक्यातल्या दरेकसाच्या बैठकीत आला. परिसरातल्या एका मुलीला नागपूरला हिंगणा रस्त्यावरच्या एका कार्यालयात नोकरी लागली होती. दुपारी दोन ते रात्री दहा अशी पाळी, बारा हजार रुपये पगार आणि रुजू व्हायला पंधरा दिवसांची मुदत. घरात पगाराबद्दल कुणी फारसं बोललं नाही, कामाबद्दलही नाही. आजीपासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकानं एकच विचारलं, "येनं-जानं कसं करशीन?"

हा प्रश्न आपण सगळ्याजणींनी ऐकलेला आहे. शाळा बदलताना ऐकला, शिबिराला जाताना ऐकला, लग्नानंतर नोकरी टिकवताना ऐकला. प्रश्न खोटा नाही. पण विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं. 'नको जाऊस' हे उत्तर त्या प्रश्नातच दडलेलं असतं. मुलाला नोकरी लागते तेव्हाही हा प्रश्न निघतो, पण तिथं लगेच जुनी मोटारसायकल बघायला सुरुवात होते. मुलीच्या बाबतीत मात्र प्रश्न विचारून सगळे आपापल्या कामाला लागतात. कागद-पेन्सिल घेऊन तिच्याबरोबर कुणी बसत नाही.

म्हणून या अंकात मला या प्रश्नाकडे खरोखरीचा प्रश्न म्हणून पाहायचं आहे. नव्या शहरात राहायला गेलेल्या बाईनं रोज कामावर कसं जायचं आणि घरी कसं परतायचं, हे ठरवणं नोकरी मिळवण्याइतकंच मोठं काम आहे, आणि ते एकट्या मुलीवर सोडून देण्याचं काम नाही, असं माझं म्हणणं आहे.

दरेकसाच्या मुलींना प्रवासाचं नियोजन नवं नाही, हे आधी सांगायला हवं. हावडा-मुंबई लोहमार्गावरचं, छत्तीसगडच्या सीमेलगतचं हे स्टेशन. भोवती जंगल, जवळच कचारगडच्या गुहा. माघात गोंड समाजाची मोठी जत्रा भरते तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते. एरवी लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या न थांबता निघून जातात. डोंगरगड-गोंदिया मार्गावरची लोकल हाच आधार. सालेकसा, आमगाव किंवा गोंदियाला कॉलेजात जाणारी मुलगी त्या गाडीच्या वेळेवर आपला दिवस बेतते. ती किती वाजता उठते, पाणी भरून होतं का, शेवटचा तास बुडवावा लागतो का, हे सगळं वेळापत्रक ठरवतं. स्टेशनपासून आत पाड्यावर राहणाऱ्या मुलीला तर उतरल्यावर पुन्हा पायवाट आहेच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशभरच्या पॅसेंजर गाड्या थांबल्या. पुढं त्या हळूहळू सुरू झाल्या त्या 'स्पेशल' या नावानं. भाडं मात्र एक्स्प्रेसचं. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपये झालं आणि ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. शहरात बसून हा वीस रुपयांचा फरक दिसत नाही. पण जाऊन-येऊन रोजचे चाळीस रुपये आणि महिन्याचे हजार म्हणजे काय, हे मजुरी करणाऱ्या घराला विचारा. असा खर्च वाढला की घरात आधी कुणाचं शिक्षण 'घरूनच कर' ठरतं, हे आपल्याला माहीत आहे.

शासनानं काही केलं नाही असं नाही. शाळकरी मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची एसटीच्या मोफत पासाची योजना आहे. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या मुलींना शाळेत नेतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. जुलै २०२४ मध्ये ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. या सगळ्याचं स्वागतच आहे. पण यातली बहुतेक मदत शाळा-कॉलेजच्या दारापर्यंत येते. शिकलेली मुलगी कामाला लागते आणि शहरात पोचते, तिथं ही साखळी तुटते.

गावात एकच गाडी आणि तिची वेळ पाठ. शहरात गाड्या अनेक, पण कुठली कुठं जाते हे ठाऊक नाही. अशा वेळी घरचे ठरवतात ते ठराविक क्रमानं. आधी नातेवाइकाचं घर किंवा ओळखीची खोली, मग नोकरी, आणि शेवटी वाट. वाट कुणी ठरवतच नाही, ती आपोआप ठरते आणि मग महिन्या-दोन महिन्यांत नोकरी सुटते. घरी सांगितलं जातं, 'तिला शहर मानवलं नाही.'

दरेकसाच्या मुलीचंच उदाहरण घेऊ. तिचे मामा नागपूरच्या पूर्वेला, कळमन्याकडे राहतात; घरच्यांनी तिथं राहायचं ठरवलं होतं. काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला. कागदावर हे सोपं दिसतं, कारण डिसेंबर २०२२ पासून नागपूर मेट्रोची एक मार्गिका पूर्वेच्या प्रजापती नगरपासून सीताबर्डीवरून थेट हिंगणा रस्त्यावरच्या लोकमान्य नगरपर्यंत जाते. दुपारी जाताना अडचण नाही. परतताना आहे. मेट्रोच्या शेवटच्या गाड्या रात्री दहाच्या सुमारास सुटतात. दहाला पाळी संपलेली मुलगी हिशेब देऊन, टेबल आवरून, फाटकातून बाहेर पडेपर्यंत सव्वादहा होतात. म्हणजे रोज रात्री तिला अख्खं शहर आटोनं ओलांडायचं आहे, आणि शेवटचं अंतर पायी. मामांकडे किराया वाचतो खरा, पण तो आटोत जातो.

बैठकीत आम्ही हिशेब मांडला. एका बाजूचा आटो कुणाच्या सोबतीनं, वाटून घेऊन, रोज ऐंशी रुपयांत पडला असं धरलं, तरी महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे दोन हजार ऐंशी रुपये. बारा हजारांतला सहावा हिस्सा संपला. शिवाय वेळ. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांचे ८८. मामांच्या घरी भाची पाहुणी म्हणून राहणार नाही, हे आपण जाणतो. सकाळचा स्वयंपाक तिच्याकडे येईल. मग झोप किती उरते? कामाच्या जवळपास दोघी-तिघींनी मिळून किरायानं घेतलेली खोली वरकरणी महाग वाटते, पण आटो, वेळ आणि झोप धरली तर ती स्वस्त पडू शकते. हे गणित घरच्यांसमोर बसून, आकडे लिहून मांडावं लागतं. नुसतं 'मला वेगळं राहायचंय' म्हटलं तर ते बंड ठरतं. हिशेब दाखवला तर निदान ऐकून तरी घेतात.

तेव्हा क्रम उलटा करायला हवा. आधी कामाची जागा आणि पाळीची वेळ, मग वाट, आणि वाटेवर जिथं बसतं तिथं खोली. खोली पक्की करण्याआधी ती वाट एकदा स्वतः चालून पाहावी. रविवारी दुपारी मामाच्या मोटारसायकलवरून बघितलेला रस्ता आणि बुधवारी रात्री सव्वादहाला पायी जायचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात. म्हणून कामाच्या दिवशी, पाळीच्याच वेळेला, जाताना आणि येताना, दोन्ही बाजूंनी जावं. सोबत एखादी मैत्रीण घ्यावी. काय पाहायचं? दिवे लागतात का, की नुसते खांब आहेत. रात्री कोणती दुकानं उघडी असतात आणि कोणती बंद. दारूचं दुकान कुठं, औषधाचं कुठं. लांबच लांब कुंपणभिंत किंवा रिकामा प्लॉट आहे का, जिथं हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. ठरलेली बस चुकली तर दुसरं काय. वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, त्याला कुलूप तर नाही. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. लघवीला जागा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या किती जणी आपल्यात आहेत! मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'च्या कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न महापालिकेच्या दारात नेला.

आता कायद्याकडे येते, कारण वाट सुरक्षित ठेवणं ही एकट्या मुलीची जबाबदारी नाही. दुकानं व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊनंतर आणि सकाळी सातच्या आधी कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि तिच्या संरक्षणाबरोबर कामाच्या ठिकाणापासून घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय मालकानं करायला हवी. दहाला संपणारी पाळी या नियमात येते. तेव्हा दरेकसाच्या मुलीनं रुजू होण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न आहे, "रात्री घरी सोडायला गाडी आहे का? दारापर्यंत की चौकापर्यंत?" हा प्रश्न विचारायला तिला लाज वाटत होती, नोकरी देणाऱ्याला राग येईल अशी भीती होती. आपण मेहरबानी मागत नाही, हे तिला सांगावं लागलं. लहान आस्थापना या कायद्याच्या बऱ्याच तरतुदींबाहेर राहतात, हेही खरं. म्हणून आपलं कार्यालय कायद्यात बसतं का, हे विचारून घ्यावं.

गाडी मिळाली म्हणजे काळजी संपली असंही नाही. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यात एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर तिला न्यायला आलेल्या कंत्राटी गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं बलात्कार केला आणि तिचा खून केला. गाडी कुणाची, चालक कोण, त्याची माहिती पोलिसांत दिली आहे का, आधी कुणाला घेते आणि शेवटी कुणाला सोडते, हे विचारण्याचा हक्क त्या एका मरणानं आपल्याला शिकवला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकानं दिलेल्या वाहनालाही 'कामाचं ठिकाण' मानतो. गाडीत चालकानं किंवा सहकाऱ्यानं त्रास दिला तर तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यानं प्रत्येक प्रवासी गाडीत बायकांसाठी राखीव जागा ठेवणं बंधनकारक आहे आणि तिथं पुरुषानं घुसणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्यानुसार सोबत पुरुष नसलेल्या बाईकडे तिकीट नसेल तरी तिला रात्री गाडीतून उतरवता येत नाही, आणि दिवसाही वाटेतल्या कुठल्याही लहान स्टेशनवर उतरवता येत नाही. रेल्वेत मदतीसाठी १३९, एरवी ११२ आणि १८१. हे आकडे मोबाइलमध्ये असू द्या, आणि पाठही असू द्या. मोबाइल हिसकावला जातो, बंद पडतो.

माहिती नसणं किती महाग पडतं, ते २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे दिसलं. पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकावर गावी जायला निघालेल्या एका तरुणीला, तिच्या फिर्यादीप्रमाणे, एका अनोळखी माणसानं 'तुमची बस इथं नाही, तिकडं लागली आहे' असं सांगितलं आणि आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये तिच्यावर बलात्कार केला. शहराच्या मध्यावर, सरकारी स्थानकात. त्यानंतर चर्चा सुरू झाली ती 'ती गेलीच कशी' याची. विचारायचं होतं ते वेगळंच. पहाटे सहाच्या आत बस कुठं लागली हे सांगणारी चौकशी खिडकी, मोठ्या अक्षरातला फलक, मराठीतली घोषणा का नव्हती, की प्रवाशाला अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबावं लागावं? सुरक्षा म्हणजे नुसता पोलीस आणि कॅमेरा नव्हे. योग्य वेळी योग्य माहिती, तीही सुरक्षाच.

इथं एक धोका मात्र ओळखून राहायला हवं. प्रवासाच्या नियोजनाच्या नावाखाली मुलीला बांधून घालणं फार सोपं आहे. हल्ली घरचे मोबाइलवर ती कुठं आहे ते पाहतात. दहा मिनिटं उशीर झाला की फोन. दिल्ली विद्यापीठातल्या मुलींवर गिरिजा बोरकर यांनी केलेला एक अभ्यास आहे. चांगल्या कॉलेजची वाट छेडछाडीची असेल तर मुली त्याहून कमी दर्जाचं कॉलेज निवडतात आणि सुरक्षित वाटेसाठी मुलांपेक्षा जास्त खर्च करतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे वाटेची भीती मुलीचं शिक्षण आणि पुढची कमाई दोन्ही खाते. आपण तिला वाट शोधून देतो ती तिनं जास्त ठिकाणी जावं म्हणून. तिची ठिकाणं कमी व्हावीत म्हणून नव्हे. तेव्हा आपला ठावठिकाणा कुणाला कळवायचा, हे तिनं ठरवावं. बहुतेक वेळा बापापेक्षा खोलीतली मैत्रीण बरी, कारण ती लगेच बाहेर पडू शकते. आणि सुटीच्या दिवशी ती सीताबर्डीला उगीच भटकली, चहा प्यायली, तर त्याचा हिशेब कुणी मागू नये. सरळ कामावर जाणारी आणि सरळ घरी येणारी बाई तेवढी चांगली, असं आपण तरी म्हणायचं नाही.

१८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यातल्या शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकला जायचा आणि त्या बदलायला दुसरं लुगडं बरोबर नेत, ही गोष्ट आपण दर तीन जानेवारीला सांगतो. त्या लुगड्याकडे मी एका नोकरदार बाईची तयारी म्हणूनही पाहते. वाट वाईट आहे हे त्यांना माहीत होतं, जायचं तर रोज होतं, म्हणून पिशवीत लुगडं. पण पावणेदोनशे वर्षांनंतरही आपण मुलींना पिशवीत काय न्यायचं एवढंच शिकवत राहिलो, तर शेण फेकणारा हात मोकळाच राहील. तयारी तर करायचीच, आणि वाटही बदलून घ्यायची.

वाट बदलते, याचे दाखले आहेत. मुंबईत ५ मे १९९२ ला फक्त बायकांसाठीची लोकल सुरू झाली. ती आज अंगवळणी पडली आहे. पण त्याआधी गर्दीत धक्के खात कामावर जाणाऱ्या हजारो बायकाच होत्या, आणि वेळापत्रकात त्यांची जागा नव्हती. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९८९ मध्ये मेट्रॅक या संस्थेनं बायकांना घेऊन रस्ते तपासायची पद्धत बसवली. गटानं संध्याकाळी एका रस्त्यानं चालायचं, कुठं भीती वाटते, का वाटते, ते लिहायचं आणि ते नगरपालिकेपुढं ठेवायचं. आपल्याकडे दिल्लीच्या जागोरीनं हीच पद्धत वापरली. त्याला ना मोठा पैसा लागतो, ना तज्ज्ञ. चार बायका, एक वही आणि दोन तास पुरतात.

म्हणून वाचक गटांपुढं तीन कामं ठेवते. पहिलं, प्रत्येक गटानं एक 'वाट-वही' सुरू करावी. शहरात कामाला गेलेली मुलगी सणाला गावी येते तेव्हा तिनं आपली वाट तीत लिहावी: कुठून कुठं, किती वाजता, काय भाडं, कुठं सांभाळायचं, कुठली खाणावळ आणि कुठली घरमालकीण भली. नावं-पत्ते गटातच राहू द्या, वाट मात्र पुढच्या मुलीला द्या. दुसरं, जिल्ह्याच्या ठिकाणच्या आणि नागपूर, पुण्याच्या गटांनी नव्यानं आलेल्या मुलीबरोबर पहिले दोन दिवस जायला एक-एक बाई द्यावी, आणि नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची, म्हणजे आताच्या 'सखी निवास' योजनेची, माहिती जवळ ठेवावी. ती वसतिगृहं कमी आहेत आणि कामाच्या जागांपासून लांब असतात, ही तक्रारही लेखी करावी. तिसरं, वेळापत्रक हा आपल्या मागणीचा विषय करावा. दरेकसाच्या बायकांनी संध्याकाळच्या गाडीची मागणी करावी, नागपूरच्या बायकांनी पाळी सुटल्यानंतरच्या मेट्रोची आणि तिला जोडणाऱ्या बसची. गाडी किती वाजता सुटते यावर कोण शिकणार आणि कोण कमावणार हे ठरतं. ते ठरवताना बायका त्या टेबलाशी असायला हव्यात.

आणि ज्यांना वाट निवडायची मुभाच नसते, त्यांना विसरू नये. धान कापणीनंतर ठेकेदाराच्या ट्रकमधून बांधकामावर जाणारी बाई, पहाटे पाच घरांची धुणी-भांडी करायला पायी निघणारी बाई, हिच्या प्रवासाला कुणी 'कम्यूट' म्हणत नाही, तिच्यासाठी कुठली गाडीही दाराशी येत नाही. वाट-वहीचं पहिलं पान तिच्या वाटेचं असावं.

दरेकसाच्या मुलीनं कार्यालयात फोन करून गाडीबद्दल विचारलं आहे. दारापर्यंत सोडू असं तोंडी सांगितलं गेलं. तिनं ते लिहून मागितलं आहे. कामाजवळ दोन खोल्या पाहिल्या आहेत, त्यातल्या एकीला रात्री बाहेरून कुलूप लावतात म्हणून ती सोडली. पत्र आलं की ती निघेल. तुमच्या भागातल्या मुलींच्या वाटा आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांना जागा ठेवली आहे.